‘फिश’साठी स्पॅनिश शब्द कोणता? : हेमिंग्वेच्या कोळ्याच्या निमित्ताने अनुवादातील शब्दनिवडीचा विचार

प्रास्ताविक

अनुवादाच्या अध्यापनात एक गृहीतक फारसे न तपासता स्वीकारले जाते. वाक्प्रचार, म्हणी, सणवार, नातेसंबंध, धर्मकल्पना यांचे भाषांतर कठीण आणि रोजच्या व्यवहारातील साध्या नामांचे भाषांतर सोपे, असे ते गृहीतक होय. पाणी, भाकरी, घर, मासा यांना प्रत्येक भाषेत शब्द असतोच. तो कोशातून उचलावा आणि पुढे जावे, अशी समजूत विद्यार्थ्यांप्रमाणेच पुष्कळदा समीक्षकांचीही असते. त्यामुळे अनुवादित कृतीचे परीक्षण करताना अवघड जागांची छाननी होते आणि सोप्या वाटणाऱ्या जागा तपासणीवाचून सुटतात. प्रस्तुत लेखात अशाच एका सोप्या जागेचा विचार करावयाचा आहे. इंग्रजीतील ‘फिश’ या शब्दासाठी स्पॅनिशमध्ये नेमका कोणता शब्द योजावा, हा तो प्रश्न. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या लघुकादंबरीच्या संदर्भात तो विचारला, म्हणजे वरवर शालेय वाटणारा हा प्रश्न कृतीच्या गाभ्याला जाऊन भिडतो.

ही कृती निवडण्याचे कारण उघड आहे. तिच्यातील माणसे क्यूबन आहेत, ती स्पॅनिश बोलतात, विचारही स्पॅनिशमध्ये करतात. परंतु लेखकाने ते सारे इंग्रजीत लिहिले आहे. म्हणजे मूळ संहिताच एका अर्थी अनुवाद आहे आणि तिचा स्पॅनिश अनुवाद म्हणजे पात्रांना त्यांची भाषा परत करणे होय. १ सप्टेंबर १९५२ रोजी ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकाने ही संपूर्ण कथा एकाच अंकात प्रसिद्ध केली आणि त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये हेमिंग्वेला नोबेल पारितोषिक देताना तिचा आवर्जून उल्लेख झाला. स्पॅनिश अनुवाद लिनो नोबास काल्बो याने केला आणि तो १९५३ मध्ये हवानाच्या ‘बोहेमिया’ या साप्ताहिकात आला. नोबास काल्बो हा जन्माने स्पेनमधील गालिसियाचा, बालपणीच क्यूबात आलेला आणि स्वतः नामवंत कथाकार होता. फॉकनरची ‘सँक्च्युअरी’ ही कादंबरी १९३४ मध्येच त्याने स्पॅनिशमध्ये आणली होती. अशा अधिकारी अनुवादकासमोरही ‘फिश’ हा शब्द एक प्रश्न म्हणून उभा होता, हे येथे दाखवावयाचे आहे.

पेस आणि पेस्कादो

स्पॅनिशचा प्राथमिक अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच एक नियम सांगितला जातो. पाण्यात जिवंत असतो तो ‘पेस’. पाण्याबाहेर काढून खाण्यासाठी ठेवलेला तो ‘पेस्कादो’. (स्पेनच्या बहुतेक भागात पहिल्या शब्दाचा उच्चार ‘पेथ’ होतो, आपण येथे अमेरिका खंडातील उच्चार स्वीकारला आहे.) पहिला शब्द लॅटिन ‘पिस्किस’पासून आला आहे. दुसरा शब्द मुळात नाम नव्हेच. ‘पेस्कार’ म्हणजे मासेमारी करणे या क्रियापदाचे ते भूतकालवाचक धातुसाधित आहे. पेस्कादो म्हणजे शब्दशः ‘धरलेला’. माणसाने काहीतरी केले आहे आणि ते पूर्ण झाले आहे, ही सूचना त्या शब्दाच्या घडणीतच आहे. पेस हा प्राण्याच्या बाजूचा शब्द आहे, पेस्कादो हा माणसाच्या बाजूचा.

इंग्रजीला हा भेद करता येत नाही. ‘फिश’ पोहतो, ‘फिश’ विकला जातो आणि ताटातही ‘फिश’च असतो. यावरून स्पॅनिश समृद्ध आणि इंग्रजी दरिद्री असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. भाषाभिमानी लेखनात तो वारंवार काढला जातो. परंतु डुकराच्या बाबतीत पारडे नेमके फिरते. इंग्रजीत जिवंत प्राणी ‘पिग’ आणि त्याचे मांस ‘पोर्क’. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी ‘सेर्दो’ चालतो. इंग्रजीतील या जोड्यांमागे नॉर्मन विजयानंतरचा इतिहास आहे : जनावर राखणाऱ्यांची भाषा एक आणि ते खाणाऱ्यांची दुसरी. वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीत एका गुराख्याच्या आणि विदूषकाच्या संवादातून हा मुद्दा लोकप्रिय केला. माशाच्या बाबतीत तो इतिहास इंग्रजीत घडला नाही, इतकेच. कोणती भाषा कोठे रेघ ओढील याला सर्वसामान्य नियम नाही.

फेर्दिनां द सोस्यूरच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात (१९१६) याच प्रकारचे उदाहरण आहे, हे भाषाविज्ञानाच्या अध्यापकांना परिचितच आहे. फ्रेंच ‘मुतों’ आणि इंग्रजी ‘शीप’ यांचा अर्थ एक असू शकेल, परंतु त्यांचे मूल्य एक नाही. कारण इंग्रजीत ‘शीप’च्या शेजारी ‘मटन’ उभा आहे आणि फ्रेंच शब्दाला तसा शेजारी नाही. हाच विचार पुढे नेला तर ‘पेस’ हा ‘फिश’चा प्रतिशब्द नव्हे असे म्हणावे लागते. ‘पेस’ म्हणताक्षणी ‘पेस्कादो नव्हे’ असेही म्हटले जाते. ‘फिश’ म्हणताना काहीही नाकारले जात नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे आणि ती न बाळगल्यामुळे अनुवादमीमांसेतील बरेच लेखन फसवे झाले आहे. भाषेने सक्तीने लादलेला भेद वक्त्याच्या मनात दरवेळी जागा असतो असे नाही. मराठी माणूस ‘ती खुर्ची’ म्हणतो तेव्हा त्याला खुर्चीत स्त्रीत्व दिसत नाही. त्याचप्रमाणे पोहणाऱ्या माशाला पेस म्हणणारा स्पॅनिश भाषक त्या क्षणी जीवन आणि मृत्यू यांवर भाष्य करीत नसतो. रोमान याकोब्सनने १९५९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटल्याप्रमाणे, भाषाभाषांतील खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून काय सांगितल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही यात असतो. या सूत्राला एक पुस्ती जोडावीशी वाटते. जे सांगणे सक्तीचे आहे ते सांगितल्याने विशेष काही सांगितले जात नाही. अर्थ निर्माण होतो तो जेथे निवड शक्य असते तेथे, किंवा जेथे वस्तूच दोन शब्दांच्या सीमारेषेवर येऊन थांबते तेथे. हेमिंग्वेच्या कथेत या दोन्ही गोष्टी घडतात.

सीमारेषेवरचा मासा

कथेचा आराखडा सर्वांना माहीत आहे. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेला सांतियागो पंच्याऐंशीव्या दिवशी खोल समुद्रात जातो, अठरा फुटी मार्लिन त्याच्या गळाला लागतो, तो त्याला दूरवर ओढून नेतो; अखेर म्हातारा त्याला मारतो, होडीच्या कडेला बांधतो आणि परतीच्या वाटेवर शार्क त्याचा फडशा पाडतात. या साऱ्या प्रवासात इंग्रजी संहिता एकच शब्द वापरते. न दिसलेला मासा ‘फिश’, पाण्याबाहेर झेप घेणारा ‘फिश’, मेलेला ‘फिश’, लचके तोडलेला ‘फिश’ आणि अखेर किनाऱ्यावर उरलेला सांगाडाही त्याचाच. म्हातारा त्याला याच नावाने हाक मारतो. जणू ते त्याचे विशेषनाम असावे, तसे.

स्पॅनिशमध्ये हे सातत्य अडचणीचे ठरते. जिवंत माशाविषयी प्रश्न नाही. तो पेसच आणि हाक मारतानाही पेसच. पण भाला काळजात शिरल्यानंतर काय? नियमाप्रमाणे होडीला बांधलेले ते प्रचंड धूड आता पेस्कादो आहे. ते धरलेले आहे, मेलेले आहे, विकण्यासाठीच नेले जात आहे. किनाऱ्यावरचा कोणताही व्यापारी त्याला पेस्कादोच म्हणेल. नोबास काल्बो मात्र म्हाताऱ्याच्या तोंडी त्यानंतरही पेस हाच शब्द ठेवतो. शार्कांनी अर्धे शरीर नेल्यावर म्हातारा त्या उरलेल्या अर्ध्याची क्षमा मागितल्यासारखे बोलतो, तेथेही पेसच. ही निवड योग्य आहे, इतकेच नव्हे तर या अनुवादातील ती एक महत्त्वाची कामगिरी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण येथे व्याकरण मोकळीक देते आणि अनुवादक तिचा उपयोग कथेच्या नीतीसाठी करतो. म्हातारा ज्याला मारतो त्याला तो अन्न मानायला तयार नाही. इंग्रजी वाचकाला हे म्हाताऱ्याच्या विचारांतून कळते. स्पॅनिश वाचकाला ते नामातूनच कळते, आणि ते अधिक शांतपणे कळते.

हा मुद्दा कथेतील एका विशिष्ट प्रसंगाने पक्का होतो. मासा मेल्यावर म्हातारा हिशेब करू लागतो : दीड हजार पौंडांहून जास्त वजन, साफ केल्यावर त्याचे दोन तृतीयांश, पौंडाला तीस सेंट. हा हिशेब करायला पेन्सिल हवी, असे त्याला वाटते. येथे क्षणभर मासा बाजारात पोहोचतो. इंग्रजीत या जागी नाम येत नाही, सर्वनाम येते आणि ते ‘इट’ नसून ‘ही’ आहे. भावाचे वजन करावे तसा तो हिशेब आहे. हेमिंग्वेने सबंध कथेत या माशासाठी पुल्लिंगी मानवी सर्वनाम योजले आहे आणि इंग्रजीत ते लक्षवेधक ठरते. कारण माशासाठी तेथे नपुंसकलिंग सहज उपलब्ध आहे. स्पॅनिशमध्ये ‘पेस’ व्याकरणाने पुल्लिंगीच आहे, शिवाय कर्त्याचे सर्वनाम बहुधा वगळले जाते. म्हणजे इंग्रजीत सर्वनामाने दिलेली प्रतिष्ठा स्पॅनिशमध्ये नाहीशी होते. तिची भरपाई कोठे होणार? ती पेस आणि पेस्कादो यांच्या निवडीतून होते. एका भाषेत सर्वनाम जे काम करते ते दुसरीत नाम करते. शब्दास शब्द लावून पाहणाऱ्या परीक्षकाला ही देवघेव दिसणार नाही. तो सर्वनामाच्या जागी काही हरवले असे म्हणेल आणि नामाच्या जागी काही मिळाले हे त्याच्या ध्यानी येणार नाही.

आणखी एक जागा उल्लेखनीय आहे. लढतीच्या दरम्यान अंगात बळ राहावे म्हणून म्हातारा ट्यूना माशाच्या कच्च्या फोडी चावून खातो आणि त्याच वेळी गळाला लागलेल्या मार्लिनलाही काही खाऊ घालता आले असते तर, असा विचार करतो. तो आपला भाऊ आहे असे त्याला वाटते. एका माशाचे मांस तोंडात आणि दुसऱ्या माशाविषयी बंधुभाव मनात. इंग्रजीत हे दोघे एकाच शब्दाच्या छपराखाली असल्यामुळे या विचारात एक अस्वस्थ करणारी धार आहे. स्पॅनिशमध्ये दोघांची घरे वेगळी असल्याने ती धार किंचित बोथट होते. येथे तोटा झाला आहे हे मान्य केले पाहिजे. अनुवादकाच्या कौशल्याने तो टळण्यासारखा नव्हता.

कोळ्याची बोली आणि अनुवादकाची भाषा

आतापर्यंत आपण शालेय नियम प्रमाण मानून चाललो. वास्तविक हा नियम स्पॅनिश भाषकांच्या सर्व प्रदेशांत सारखा पाळला जात नाही. अमेरिका खंडातील अनेक देशांच्या बोलीत पाण्यातल्या जिवंत माशालाही पेस्कादो म्हणतात. त्याशिवाय ‘पेहे’ हा पेसचाच एक जुना, दर्यावर्दी भाऊ कोशात आहे आणि कित्येक माशांच्या नावांत तो आजही टिकून आहे. मार्लिन जातीच्या माशाला तर क्यूबाचे कोळी ‘आगुहा’, म्हणजे सुई, म्हणतात. हवानात १९५० मध्ये सुरू झालेल्या आणि हेमिंग्वेचे नाव लाभलेल्या मासेमारी स्पर्धेच्या स्पॅनिश नावातही हाच शब्द आहे. तेव्हा कोहिमारच्या किनाऱ्यावरील एखादा खरा कोळी आपल्या शत्रूला पेस असे म्हणाला असता का, हा प्रश्न रास्त आहे. हेमिंग्वेच्या ‘पिलार’ या बोटीचा तांडेल ग्रेगोरिओ फुएन्तेस (१८९७–२००२) हा मूळचा कॅनरी बेटांतील लांसारोतेचा. अशा माणसांच्या तोंडची भाषा प्रमाण स्पॅनिशपासून बरीच दूर असणार.

मग नोबास काल्बोने बोली का स्वीकारली नाही? त्याला ती येत नव्हती असे म्हणता येणार नाही. क्यूबाच्या रस्त्यावरची भाषा त्याच्या कथांतून येते. उत्तर हेमिंग्वेच्या इंग्रजीत शोधावे लागते. हेमिंग्वेने म्हाताऱ्याला इंग्रजीची कोणतीही बोली दिलेली नाही. त्याची वाक्ये साधी, किंचित औपचारिक, जुन्या धर्मग्रंथाच्या लयीकडे झुकणारी आहेत. हे इंग्रजी म्हणजे अनुवादित स्पॅनिशचा आभास आहे. तो आभास ज्या स्पॅनिशचा आहे ते बोलीतले नव्हे, तर कोणत्याही किनाऱ्यावर न बोलले जाणारे, गाळून घेतलेले स्पॅनिश आहे. पेस हा एकाक्षरी, निर्लेप शब्द त्या पातळीशी जुळतो. ‘आगुहा’ने कथा कोहिमारला घट्ट बांधली असती, ‘पेस्कादो’ म्हणून हाक मारली असती तर कित्येक वाचकांना हसू आले असते. (जाता जाता : स्त्रीलिंगी ‘पेस’ म्हणजे होडीच्या फटी बुजवायला लागणारे डांबर. त्याची व्युत्पत्ती निराळी, पण कोळ्यांच्या कथेत दोन्ही शेजारी असावेत यात गंमत आहे.)

उलट दिशेचे एक उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘सिएन आन्योस दे सोलेदाद’ (१९६७) या कादंबरीतील कर्नल आउरेलियानो बुएन्दिया आपल्या कार्यशाळेत सोन्याचे छोटे मासे घडवीत बसतो. उतारवयात तर पंचवीस झाले की ते वितळवून पुन्हा घडवू लागतो. मूळ स्पॅनिशमध्ये ते ‘पेस्कादितोस’ आहेत, ‘पेसेसितोस’ नाहीत. शालेय नियम लावला तर हे ‘खाण्याचे मासे’ ठरतात आणि दक्षिण स्पेनमधल्या वाचकाला तर हा शब्द ऐकून तळलेल्या बारीक मासळीची बशीच आठवेल. एखादा उत्साही समीक्षक यावरून मृत्यूचे प्रतीक शोधू लागेल. तसे करणे चुकीचे होय. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर लहान माशाला तसेच म्हणतात; लेखकाने घरातला शब्द घरातल्या वस्तूला दिला. ग्रेगरी राबासाच्या १९७० मधील इंग्रजी अनुवादात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण इंग्रजीत शब्दच एक. परंतु त्यामुळे इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या अनुवादकाला येथे एखादी निवड झाली होती, याचा सुगावाही लागत नाही. आपल्याकडे स्पॅनिश साहित्य बहुतांशी इंग्रजीच्या दारातून येते. त्या दारात मूळ भाषेतील निवडी गळून पडतात आणि त्या पडल्याची नोंद कोठेच राहत नाही; ही बाब अनुवादित साहित्याच्या आपल्या समीक्षेत अद्याप पुरेशी गंभीरपणे घेतली गेलेली नाही.

‘डॉल्फिन’ची अडचण

याच कथेतील दुसरा एक शब्द थोडक्यात पाहू, कारण तेथे चूक होण्याचा संभव मोठा आहे. म्हातारा वाटेत एक ‘डॉल्फिन’ पकडतो, सोलतो आणि खातो. आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर तो खेळकर सस्तन प्राणी येतो आणि म्हाताऱ्याविषयी क्षणभर किळस वाटते. वस्तुतः तो सोनेरी झळाळीचा, ‘माही-माही’ या नावाने अनेक देशांत विकला जाणारा मासा आहे. त्या काळच्या अमेरिकन मासेमारांच्या इंग्रजीत त्याला डॉल्फिन म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचे नाव ‘दोरादो’, म्हणजे सोनेरी. ‘देल्फिन’ लिहिणारा अनुवादक म्हाताऱ्याला भलतेच खायला लावील. कथेत खरे डॉल्फिनसदृश सस्तन प्राणीही एका रात्री होडीजवळ येतात; त्यांच्यासाठी हेमिंग्वेने निराळा शब्द वापरला आहे आणि म्हातारा त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतो. मराठीत दोन्ही जागी ‘डॉल्फिन’ लिहिले तर ज्यांना आपले भाऊ म्हणायचे त्यांनाच खायचे, असा अनर्थ ओढवेल. येथे कोशातील पहिला शब्द घेणे धोक्याचे आहे, एवढे सांगून पुढे जाणे इष्ट.

एल मार, ला मार

‘फिश’च्या बाबतीत निवड सूक्ष्म होती, ‘सी’च्या बाबतीत ती खुद्द लेखकानेच उघड केली आहे. स्पॅनिशमध्ये समुद्रवाचक ‘मार’ हे नाम दोन्ही लिंगी चालते. सर्वसाधारण लेखनात आणि बोलण्यात ते पुल्लिंगी, ‘एल मार’. दर्यावर्दी लोकांच्या तोंडी, कवितेत आणि भर समुद्र किंवा समुद्रावर निघणे अशा काही रूढ प्रयोगांत ते स्त्रीलिंगी, ‘ला मार’. राफाएल आल्बेर्तीच्या ‘मारिनेरो एन तिएर्रा’ (१९२५) या संग्रहातील कवितेने तर या दोन लिंगांच्या आंदोलनावरच आपली लय उभारली आहे. हेमिंग्वेचा म्हातारा समुद्राला नेहमी स्त्रीलिंगी शब्दाने संबोधतो. ज्यांचे समुद्रावर प्रेम आहे ते तसे म्हणतात, असे निवेदक सांगतो. शार्कच्या यकृताला चांगला भाव मिळाल्यावर यांत्रिक होड्या घेतलेले तरुण कोळी मात्र पुल्लिंगी शब्द वापरतात. त्यांच्या लेखी समुद्र हा प्रतिस्पर्धी, एखादे ठिकाण किंवा शत्रू आहे. येथे लिंग सक्तीचे नाही, निवडलेले आहे. म्हणूनच ते अर्थपूर्ण आहे. फ्रेंच अनुवादकाच्या वाट्याला हे सुख नाही. फ्रेंचमध्ये समुद्र स्त्रीलिंगीच. म्हाताऱ्याचा पक्षपात भाषेने आधीच सर्वांना वाटून टाकलेला आहे, त्यामुळे स्पॅनिश शब्द तसेच ठेवण्यावाचून तेथे मार्ग नाही.

या परिच्छेदातील ‘लव्ह’ या क्रियापदासाठी नोबास काल्बो ‘आमार’ न वापरता ‘केरेर’ वापरतो. पहिला शब्द ग्रंथातला आणि शपथेचा. दुसरा आईचा, मित्राचा, घरातला. म्हाताऱ्याचे माशावरील प्रेमही याच दुसऱ्या क्रियापदाने व्यक्त होते. समुद्र आणि मासा दोघेही त्याच्या घरात येतात.

असे असूनही स्पॅनिश शीर्षक ‘एल विएहो इ एल मार’ असेच आहे. म्हाताऱ्याच्या नावाने असलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या प्रतिस्पर्धी तरुणांचे लिंग छापले गेले आहे! हा विरोधाभास अनेकांना खटकतो. त्याचे समर्थन करता येते : शीर्षक निवेदकाचे आहे, पात्राचे नव्हे, आणि निवेदक तटस्थ भाषेत बोलतो, शिवाय शीर्षकातच ‘ला मार’ आली असती तर पुढे म्हाताऱ्याची निवड उलगडण्यात काही नावीन्य राहिले नसते. हे समर्थन पटण्यासारखे आहे. तथापि मुखपृष्ठापुरते पुस्तक ओळखणारे वाचकही असतात आणि त्यांच्यासाठी समुद्र शत्रूच्या बाजूला राहिला, हेही खरे.

मराठीच्या बाजूने

मराठी वाचकाला ही कथा पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे परिचित आहे. शीर्षकात ना म्हातारा आहे ना समुद्र. शालेय पाठ्यपुस्तकातील कवितेतला चिवट कीटक आणि दर्यावरचा माणूस या दोन्ही अर्थांचा ‘कोळी’ तेथे आहे. समुद्राच्या लिंगाची अडचण मुखपृष्ठापुरती तरी येथे अलगद टळली आहे. आत मात्र ती येतेच. समुद्र, सागर, दर्या हे सारे शब्द मराठीत पुल्लिंगी. नारळी पौर्णिमेला आपले कोळी ज्याला नारळ अर्पण करतात तो दर्या राजा आहे, देव आहे. स्त्रीलिंगी हवी तर खाडी आहे, पण खाडीत मार्लिन येत नाही. मराठी कोळ्याचे समुद्रप्रेम पुल्लिंगातूनच व्यक्त होते. सांतियागोचे तेथे व्यक्त होऊ शकत नाही.

माशाच्या बाबतीत मात्र मराठीकडे इंग्रजीपेक्षा अधिक साधने आहेत. ‘मासा’ हा एकेक, मोजण्याजोगा, पोहणारा किंवा गळाला लागलेला जीव. ‘मासळी’ ही समूहवाचक, स्त्रीलिंगी : मासळी बाजारात येते, महाग होते, सुकवली जाते. समुद्रात मासळी कमी झाली असे आपण म्हणतो तेव्हाही नजर जाळ्याच्या बाजूची असते. शिवाय किनारपट्टीवरचे ‘म्हावरं’ आहे; त्याला लगेच कालवणाचा वास येतो. स्पॅनिश जोडीशी हे तंतोतंत जुळत नाही, कारण एकाच मेलेल्या माशाला आपण मासळी म्हणत नाही. तरी हिशेबाच्या त्या प्रसंगी, आणि इतके लोक याला खातील पण त्यांची तेवढी योग्यता आहे का असे म्हातारा स्वतःला विचारतो त्या जागी, ‘मासा’ सोडून ‘मासळी’कडे एकदाच वळून लगेच परत येणे मराठी अनुवादकाला शक्य आहे. त्या एका वळणाने बाजार आत येईल आणि म्हाताऱ्याने तो बाहेर ढकललेलाही दिसेल. सर्वनामाचा मुद्दा मात्र मराठीतही स्पॅनिशप्रमाणेच निसटतो. ‘तो’ या सर्वनामाने माशाला काही विशेष मान मिळत नाही.

कथेच्या अखेरीस हेमिंग्वेने या दोन भाषांना समोरासमोर उभे केले आहे, ही गोष्ट समीक्षकांच्या पुरेशी लक्षात आलेली दिसत नाही. किनाऱ्यावर तरंगणारा लांबलचक पांढरा कणा पाहून एक परदेशी पर्यटक स्त्री हे काय आहे असे उपाहारगृहातील सेवकाला विचारते. तो प्रथम ‘तिबुरोन’ म्हणतो, मग मोडक्या उच्चारात इंग्रजी ‘शार्क’ म्हणतो. काय घडले ते त्याला समजावून सांगायचे आहे. ती स्त्री मात्र ते त्या सांगाड्याचे नाव समजते आणि शार्कला इतकी देखणी शेपटी असते हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशा अर्थाचे काहीतरी बोलते. सेवकाने दिलेला शब्द कोशाच्या दृष्टीने अचूक आहे. तो कर्त्याचे नाव सांगतो आहे, ती कर्माचे नाव ऐकते आहे. मधले क्रियापद त्याला इंग्रजीत येत नाही. स्पॅनिश अनुवादात हा प्रसंग उभा करताना नवीच अडचण येते. इंग्रजी संहितेत ‘तिबुरोन’ हा एकटाच परका शब्द होता आणि तो तसा दिसत होता. स्पॅनिश पानावर तो इतर शब्दांसारखाच एक साधा शब्द होऊन बसतो. परकेपणा दाखविण्याची सारी जबाबदारी सेवकाच्या त्या मोडक्या इंग्रजी उच्चारावर येते आणि तो उच्चार अनुवादकाला अनुवाद न करता तसाच ठेवावा लागतो.